अकरा वाजताचं गाव

बाई आमच्या कंपनीत रुजू झाल्या, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी त्यांना टेबलाखाली चपला काढताना पाहिलं. पाय दुखत असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळानं त्यांनी चपला परत पायांत सरकवल्या. जेवणाच्या आधी पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या. चौथ्या खेपेला मला राहवेना. विचारलं, तर त्यांनी हनुवटीनं स्क्रीनकडे खूण केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मारुतीच्या देवळात आलेय."

स्क्रीनवर खरंच मारुतीचं देऊळ होतं, कर्जत तालुक्यातल्या एका गावाचं. बाई बाणाचं बटण एकेकदा दाबत त्याला प्रदक्षिणा घालत होत्या. मला हसू आवरेना. त्यांनी मनावर घेतलं नाही. प्रदक्षिणा पुरी केली, देवळाबाहेर आल्या, चपला घातल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोल, काय काम होतं?"

आमचं ऑफिस नगरला, टायरच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. शेजारी मंगल कार्यालय. लग्नसराईत बँडच्या आवाजात काम करायची सवय आम्हाला झालेली. काम म्हणाल तर नकाशांचं. कागदी नव्हे, मोबाईलवर आणि संगणकावर उघडणारे नकाशे. आणि अलीकडे गावांची डिजिटल ट्विन. ड्रोन एकाच गावावरून लागोपाठ तीन दिवस उडतो, हजारभर फोटो काढतो. ते एकमेकांना जोडले की संगणकात हुबेहूब दुसरं गाव उभं राहतं. घरं, झाडं, विहिरी, ओढे, जमिनीचा उतार, सगळं. मग नळाची लाइन कुठून न्यायची, रस्ता किती रुंद करायचा हे आधी या दुसऱ्या गावात करून बघायचं आणि नंतर खऱ्या गावात खोदायचं.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'जुळं' ठेवलं. आणि लगेच त्यात खोटही काढली. "जुळं म्हणता ना? मग एकाला ताप आला की दुसऱ्याचं अंग गरम व्हायला पाहिजे. तुमच्या या जुळ्याला काही होतच नाही." साहेब, म्हणजे आमचे मालक, हे वाक्य पुढं मोठ्या मोठ्या मीटिंगांत स्वतःचं म्हणून सांगू लागले.

ड्रोन आम्ही सकाळी अकराच्या सुमाराला उडवतो, कारण तेव्हा सावल्या बेताच्या असतात. त्यामुळे आमच्या सगळ्या गावांत कायम अकरा वाजलेले असतात. ऊन कलत नाही, संध्याकाळ होत नाही. आणखी एक गंमत म्हणजे आमच्या गावांत माणसं नसतात. हजार फोटो जोडताना जे हललं ते पुसलं जातं. बांधलेली म्हैस राहते, चालणारा माणूस जातो. नवीन मुलांना हे भुताटकीसारखं वाटायचं. बाईंना मात्र त्या गावांत फार बरं वाटायचं. रिकाम्या गल्लीतून, अकराच्या उन्हातून त्या तासन्‌तास हिंडत राहायच्या. चेहऱ्यावर असा भाव, की कुणी हाक मारली तर त्या झोपेतून उठल्यासारख्या दचकतील. कधी कधी दचकायच्याही.

बाई मूळच्या ट्रेसर. एका सरकारी मोजणी कचेरीत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं गावांचे जुने कापडी नकाशे शाईनं उतरवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं, कारण जुन्या नकाशातल्या खाणाखुणा आम्हा कुणालाच कळत नव्हत्या. बारकुडी अंगलट, कपाळावर चष्मा ढकललेला, बोटांना अजून शाईचा निळसर डाग. डाग कशाचा म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "तो आता आतून येतो."

माउसचं चाक त्यांनी कधी फिरवलं नाही. चाक फिरवलं की स्क्रीनवर आपण आकाशात जातो आणि पलीकडच्या वेशीवर उतरतो. बाईंना ते अशिष्ट वाटे. "दुसऱ्याच्या गावात उड्या मारत कोण जातं रे?" त्या वेशीतून शिरायच्या आणि एकेक पाऊल टाकत जायच्या. जे गाव मी पाच मिनिटांत तपासून मोकळा होई, तिथं त्यांचा अख्खा दिवस जाई. साहेब दातओठ खायचे, पण बोलायचे नाहीत; कारण बाईंनी तपासलेल्या गावात नंतर चूक निघाली असं कधी झालं नव्हतं.

जेवायला त्या आमच्याबरोबर बसायच्या, पण आमच्याबरोबर नसायच्या. डबा उघडायच्या आधी संगणकात एखादं गाव उघडायचं, त्यात बरं झाड शोधायचं, त्याच्या सावलीत जाऊन थांबायचं, आणि मग भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घ्यायची. "आज कुठं?" असं आम्ही विचारायचो. "आज ओढ्याकाठच्या चिंचेखाली," असं उत्तर यायचं. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, "बाई, मुंग्या चढतील." त्यांनी गंभीरपणे पदर सावरला.

मी श्रीगोंद्याकडचा, उसातला माणूस. घरी पाणी, कॉलेज पुण्यात, डोक्यात थोडी हवा. कंपनीतली बरीचशी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आपोआप काम करायला लावणाऱ्या सूचना, मी लिहायचो. हातानं करण्यासारखं काहीही दिसलं की मला अपमान वाटायचा. बाईंचं आणि माझं जमायचं कारण नव्हतं.

शिंगणापूरच्या वेळी पहिली ठिणगी पडली. शिंगणापूरचं जुळं करताना घराच्या भिंतीत उंच मोकळी जागा दिसली की तिथं आपोआप दार बसवायचं, अशी सूचना मी लिहून ठेवली होती. सगळ्या गावांना तीच लावायचो. संगणकाला काय, शिंगणापूर काय आणि दुसरं काय. त्यानं गावातल्या झाडून सगळ्या घरांना तपकिरी रंगाची, पितळी कडीची, बंद दारं बसवून टाकली. मी बघितलंसुद्धा नाही. फाईल बाईंकडे गेली.

दुपारी पाहतो तर बाई एका घरासमोर स्क्रीनवर थांबलेल्या आणि खुर्चीत हात जोडून बसलेल्या. "काय झालं?" मी म्हणालो.

"दार लावलंय. आत जाता येईना."

"मग पुढच्या घरी जा."

"तिथंही लावलंय. सगळ्या गावानं लावलंय." त्या माझ्याकडे वळल्या. "शनिमहाराजांनी इतक्या पिढ्या जे होऊ दिलं नाही, ते तू एका बटणात करून दाखवलंस. बघ बाबा, आता तुझी साडेसाती कोण चुकवणार?"

सगळं ऑफिस हसलं. मला ती दारं एकेक करून काढावी लागली. एकदम काढायची सूचना लिहिणं सोपं होतं, पण बाईंनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "ज्या हातानं लावली त्या हातानं काढ." मी दारं काढत गेलो आणि त्या प्रत्येक मोकळ्या चौकटीतून थोडं आत डोकावत गेल्या. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मीही डोकावायला लागलो होतो, पण ते त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. कर्जतच्या पूर्वेला, कोरड्या भागातल्या एका गावाचं जुळं आम्ही केलं होतं. गावाला नळयोजना मंजूर होती आणि पाइप कुठून कुठं न्यायचा हे आमच्या जुळ्यावरूनच ठरणार होतं. मी नवी सूचना लिहिली होती, मनातून खूश होऊन. तिन्ही दिवसांच्या फोटोंत ज्या घराशी काहीच जाग दिसत नाही, म्हणजे गाडी नाही, जनावर नाही, वाळत घातलेलं कापड नाही, ते घर 'वापरात नाही' म्हणून राखाडी करायचं. जाग असलेली घरं निळी. नळ निळ्या घरांनाच. गावापासून अर्ध्या कोसावर, ओढ्यापलीकडे वीस घरांची एक वस्ती होती. तिच्यात एकच घर निळं राहिलं, दाराशी शेळी बांधलेली होती म्हणून. बाकीची एकोणीस राखाडी. एका घरासाठी ओढा ओलांडून पाइप कोण नेणार? रेघ वस्तीच्या अलीकडेच थांबली.

बाई दोन दिवस त्या गावात चालत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. एका राखाडी घराच्या पुढ्यात त्या उभ्या होत्या.

"दारापुढं हे काळपट काय आहे?"

"सावली."

"अकरा वाजता, पौषात, सावली कुठं पडते?"

"उत्तरेला," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता थांबलो. डाग पूर्वेला होता.

"हा सडा आहे," बाई म्हणाल्या. "शेणाचा. वाळला तरी दिवसभर रंग राहतो. रिकाम्या घरापुढं सडा कोण घालतं?"

मी तिन्ही दिवसांचे फोटो शेजारी शेजारी लावले. पहिल्या दिवशी एका टोकाच्या तीन घरांपुढं डाग होता. दुसऱ्या दिवशी तो डाग फिका झाला होता आणि पुढच्या तीन दारांपुढं ताजा डाग होता. तिसऱ्या दिवशी त्यापुढच्या. कुणीतरी त्या वस्तीतून रोज थोडं थोडं पुढं सरकत होतं, आणि माझ्या एकाही फोटोत ते माणूस नव्हतं. मला आठवतंय, शेजारी कुणाची तरी वरात निघाली होती, बँड लागला होता, आणि आम्ही दोघं त्या तीन चित्रांकडे नुसते बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाई जीपनं निघालो. बाई पुढं बसल्या, मांडीवर पर्स, डोळे बाहेर. पंधरा-वीस मैलांनंतर म्हणाल्या, "एवढी वर्षं गावं काढली, पाहिलं एकही नाही. कचेरीतून उठायचं आणि घरी जायचं." आपणहूनच पुढं बोलल्या. "एकदा एक विहीर माझ्या हातून राहिली. जुना नकाशा फाटायला आला होता, तो मी नवीन उतरवला. कागद सरकला असेल, मी चहाला उठले असेन, काय झालं देव जाणे. जुना बासनात गेला आणि माझा चालू लागला. पुढं कधीतरी दोन माणसं आली. त्या विहिरीच्या वाटेवरून तंटा होता. कचेरीतल्या साहेबांनी माझाच नकाशा उघडला आणि म्हणाले, नकाशात विहीरच नाही. ती माणसं म्हणाली, सायेब, आमी तिचंच पानी पिऊन आलोय."

"मग?"

"मग काय. मी चार हातांवर बसले होते. मान वर केली नाही."

मी गाडी चालवत राहिलो. गाव कोणतं, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाव नाही सांगणार. आपल्याकडे त्याचं जुळं व्हायचंय अजून. झालं की आधी मी जाईन." मला त्यांचं चपला काढणं, पावलापावलानं चालणं, सगळं त्या क्षणी कळलं. आणि आपण किती हसलो, याची लाज वाटली.

वस्तीवर आलो तर शेळी तिथंच होती, स्क्रीनवर होती तशीच. बाकीच्या घरांना कुलपं. एका दारापुढं एक आजी वाकून हातानं सडा घालत होती. शेजारी अर्धी बादली. आम्हाला बघून तिनं कमरेवर हात देऊन पाठ सरळ केली.

"कोन पायजे? समदे उसाला गेल्यात. पाडवा झाल्याबिगर कोन येत न्हाई."

बाई म्हणाल्या, "तुम्हालाच भेटायला आलो, आजी. सडा रोज तुम्हीच घालता?"

"मंग कोन घालनार? रोज तीन दारांफुडं. समद्यांफुडं घालायला पानी कुठनं आनू? टँकर येतो त्यो गावात. हितवर डोक्यावरनं आनावं लागतंय." तिनं बादलीकडे बघितलं. "घराला वाटाया नको, आपल्याला टाकून गेल्यात."

कमरेला तिच्या किल्ल्यांचा जुडगा होता. हे घर अमक्याचं, ते तमक्याचं, असं ती सांगू लागली आणि बाई पेन्सिलीनं लिहू लागल्या. मला फार बरं वाटलं. काम झालं, असं वाटलं. मी नळाचं सांगितलं, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "आता नळ येऊ द्या बाबा. ह्या मानंत आता जोर ऱ्हायला न्हाई." तिनं मान हलवून दाखवली, ती खरंच एका बाजूला कलत होती.

पण काम झालेलं नव्हतं. साहेबांनी करारनामा समोर ठेवला. राखाडी घर निळं करायचं तर ज्याचं घर त्यानं स्वतः ते दाखवून दिलं पाहिजे, त्याचा अंगठा किंवा सही पाहिजे. शेजाऱ्याचं सांगणं चालणार नाही. आणि मुदत शिमग्याला संपत होती. माणसं येणार पाडव्यानंतर. "माझ्या हातात काही नाही, बाई," साहेब म्हणाले, आणि ते खरंही होतं. एकदा रेघ मंजूर झाली की खोदाई तिच्यावरूनच होणार. पुन्हा कागद हलायचे म्हणजे त्या आजीच्या हयातीत हलतीलच असं नाही.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. करारनामा वाचला. मग बोट ठेवलं. "ज्याचं घर त्यानं दाखवावं, एवढंच आहे. तिथं उभं राहून दाखवावं असं कुठं आहे?"

साहेबांनी तीनदा वाचलं. तसं कुठंच नव्हतं.

"आपल्याकडे गाव आहे," बाई म्हणाल्या. "ते घेऊन जाऊ त्यांच्याकडे."

साहेबांनी हात टेकले.

पुढचं आधीच सांगून टाकतो. एकोणीसच्या एकोणीस घरं मान्य झाली. पाइपाची रेघ ओढा ओलांडून गेली आणि पाठोपाठ पाइपही गेला. पाणी एक दिवसाआड येतं असं ऐकतो. आजी आता रोज सगळ्या दारांपुढं सडा घालते की काय, कोण जाणे. बाई मात्र कंपनीत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीन सोसवेना, तेव्हा त्या मुलीकडे संगमनेरला गेल्या. त्यांच्या त्या गावाचं जुळं अजून झालेलं नाही, किंवा झालं असेल आणि नाव माहीत नसल्यामुळे मला कळलं नसेल. म्हणून हल्ली मी कुठलंही गाव तपासताना विहिरी दोनदा मोजतो.

पण सांगायचं आहे ते त्या दुपारचं. वस्तीची सगळी टोळी श्रीगोंद्याकडे एका कारखान्याच्या उसावर होती, माझ्या घरापासून चारच मैलांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एका मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्या. अशा कोप्या मी जन्मल्यापासून दर हिवाळ्याला आमच्या बांधाला बघत आलो होतो. गाड्या भरून झाल्या तशी माणसं आली, हातपाय धुतले आणि आमच्याभोवती बसली. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा आडवा टाकून त्यावर मी लॅपटॉप ठेवला आणि सवयीनं गाव वरून दाखवलं.

कुणालाच आपलं घर सापडेना. एकानं तर शेजारच्या गावाच्या शाळेवर बोट ठेवलं. त्यांनी आपलं गाव वरून कधी पाहिलंच नव्हतं. मी घामाघूम झालो. बाईंनी मला बाजूला सरकवलं, वेशीत जाऊन उभ्या राहिल्या आणि बाणाचं बटण दाबू लागल्या, एकेक पाऊल.

"ह्यो आला पिराचा लिंब," मागून कुणीतरी म्हणालं.

"आता वढा. दगडावरनं जावा बाई, उजवीकडनं चिखल आसतो."

बाई उजवीकडून गेल्या नाहीत. दगडावरूनच गेल्या. आणि वस्ती दिसायला लागली तशी मागची कुजबुज थांबली. अकराच्या त्या उन्हात एकेक घर येत गेलं आणि एकेक माणूस पुढं येऊन, जरा लाजून, स्क्रीनला बोट लावत गेला. "हे आमचं." अंगठा. पुढं. "हे आमचं." कुणी दाराचं कुलूप नीट दिसतंय का ते बघितलं, कुणी पत्रा उडालाय का ते. बोटांना उसाचा चिकटा होता. काचेवर ठसे उमटत होते आणि मी ते पुसले नाहीत.

पुढं एक तरणी बाई आली. आजीची धाकटी सून, वेगळं घर. ती बोट लावायचं विसरून गेली आणि दाराच्या पुढ्यातल्या डागाकडे बघत राहिली.

"आत्याबाईनी आज आमच्याफुडं घातला जनू."

तो आजचा नव्हता, पौषातला फोटो होता. मी सांगायला तोंड उघडलं, तोच बाईंनी माझा हात दाबला. सुनेनं बोट लावलं, अंगठा दिला, पण उठली नाही.

"आन आमी हितं दिसतो का?" तिनं विचारलं. "हे रान हाय का तुमच्यात?"

होतं. कारखान्याभोवतालच्या सगळ्या रानावरून आम्ही त्याच हिवाळ्यात ड्रोन उडवला होता. मी ते उघडलं. रस्ता होता, कालवा होता, कडेची बाभळ होती. कोप्यांच्या जागी सपाट माती होती. मला कारण ठाऊक होतं. 'तात्पुरत्या वस्तू काढून टाका,' अशी सूचना मीच लिहिली होती. ट्रॅक्टर, पाचटाचे ढीग, कोप्या. यादी माझ्याच हातची.

"नाही," मी म्हणालो.

"घरी न्हाई, हितं न्हाई," ती हसून म्हणाली. "मंग आमी हाव तरी कुठं?" तिचं हसणं बघून बाकीचेही हसले. कुणाच्या मनात काही नव्हतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई तिला म्हणाल्या, "हा इथलाच आहे हं. याच तालुक्यातला."

"व्हय? मंग वळखत आसशील की आमाला, दादा. धा वर्सं येतोय आमी हितं."

मी ओळखत नव्हतो. त्या रानातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं मी त्यांच्यासमोरून मोटारसायकलवरून गेलो होतो. मी मान खाली घातली, आणि मग बाईंचं ते कचेरीतलं आठवून ती वर केली.

बाईंनी लॅपटॉप उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "काढ."

मी सूचना लिहिली नाही. हातानं काढायला लागलो. त्या सपाट मातीवर, कालव्याच्या बाजूनं, एकेक कोपी. कोपी काढायची, मागं बघायचं, नाव विचारायचं, ते लिहायचं. लोक सांगत होते, मधेच एकमेकांना दुरुस्त करत होते. आजीची सून माझ्या खांद्याशी वाकून बघत होती. रेघ तिच्या कोपीपाशी आली तशी तिनं हळूच माझा हात धरला.

"दमानं काढा, दादा," ती कुजबुजली. "आत पोरगी निजलीय."